आईचं अर्धं तिकीट

बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हा सगळा जिल्हा खूश होता आणि मी एकटा भडकलो होतो. आज हे हसत सांगतोय, पण त्या महिन्यात मी घरात कुणाशी धड बोललो नाही. आंबवडे ते भोर अशी माझी वडापची जीप होती. वडापला वेळापत्रक नसतं. भरली की निघायची, वाटेत कुणी हात केला की थांबायची. नऊ जणांच्या गाडीत मी चौदा बसवायचो आणि पंधरावा आला तरी त्याला नाही म्हणत नसे. चौदातल्या नऊ-दहा बायकाच असायच्या. अर्ध्या तिकिटाची बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली आणि आठवड्यात माझे चौदाचे पाच झाले.

पाच माणसांत डिझेल निघतं. टायर निघत नाहीत, विमा निघत नाही आणि घर तर मुळीच निघत नाही. असंच चाललं तर गाडी विकून शिरवळला कंपनीत जायचं, एवढा एकच रस्ता मला दिसत होता. कंपनीत मी पूर्वी सहा महिने काढले होते. चहाला दोन मिनिटं जास्त लागली म्हणून सुपरवायझरनं टोकलं, मी त्याला नको ते बोललो आणि तिसऱ्या दिवशी घरी आलो. डोक्यावर कुणी बसलेलं मला सहन होत नाही, हा माझा दोष आहे आणि तो मला माहीत आहे. म्हणून जीप गेली तर आपलं सगळंच गेलं, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

राग जास्त कशाचा आला ते सांगतो. आमच्या वाडीत एक रीत होती. बाजाराच्या दिवशी सगळ्या बायका भोरला जात नसत. एक जायची आणि दहा घरांचं आणायची. जायला वीस, यायला वीस, एवढे पैसे दहाजणींनी कशाला घालवायचे? म्हणून पाळ्या लावलेल्या. जिची पाळी असेल ती आदल्या संध्याकाळी घरोघर फिरून सगळं ऐकून यायची. पोराची चप्पल आणायची तर पायाच्या मापाची सुतळी गाठ मारून द्यायची. ब्लाऊजपीस जुळवायचा तर साडीचा दोरा काढून द्यायचा. असे पाच-सहा दोरे आणि तेवढ्याच सुतळ्या कनवटीला लावून ती बाई माझ्या जीपमध्ये बसायची, आणि भोरात उतरेपर्यंत कुठला दोरा कुणाचा हे तिच्या डोक्यातून गेलेलं असायचं. त्या काळात आमच्या वाडीतल्या निम्म्या बायका हिरव्या साडीवर भलत्याच कुणाच्या रंगाचा ब्लाऊज घालून हिंडायच्या. तक्रार कुणी करत नसे, कारण पुढची पाळी आपलीच असायची.

मला वाटायचं, यांना बाजाराची आवडच नाही. घरात बसायला आवडतं, बरं आहे.

आता साध्या व्यवहारानं बघितलं तर अर्ध्या तिकिटानं ही रीत मोडायचं काही कारण नव्हतं. एकीनंच जायचं, फक्त चाळीसऐवजी विसात जायचं, बाकीचे पैसे गाठीला. पण बायकांनी तसं केलं नाही. पहिल्याच बाजाराच्या दिवशी सकाळी वाडीच्या फाट्यावर बघतो तर दहाच्या दहा उभ्या. त्यात दोघी अशा होत्या की ज्यांना मी बारा वर्षांत कधी रस्त्यावर पाहिलं नव्हतं. मी हॉर्न दिला. एकीनं हात हलवला, तो पुढं जा म्हणून.

मग मी भाडं उतरवलं. विसाचे पंधरा केले. बायका म्हणाल्या, "दादा, तिथं दहा हायेत की." माझं डोकं फिरलं आणि मी दहा केले. दोन दिवस गाडी अशी भरली की मला टपावरच्या कॅरिअरचा आधार घेऊन आत शिरावं लागलं. मी जिंकलो म्हणून त्या दिवशी घरी पेढे नेले. तिसऱ्या दिवशी पंपावर टाकी भरायला गेलो आणि खिशात हात घातल्यावर कळलं की गाडी जितकी जास्त भरत होती तितका मी खड्ड्यात चाललो होतो. पुन्हा वीस केले. पुन्हा पाचजण.

पुरुषांना एसटीत फुल तिकीट, ते माझ्याकडं येतील असं वाटलं होतं. काही आले. नवरा-बायको फाट्यापर्यंत बरोबर यायचे, मग ती एसटीत आणि हा माझ्या गाडीत. भोरात उतरल्यावर हा तिला शोधत बसायचा आणि ती तोवर अर्धा बाजार करून मोकळी झालेली असायची. असं दोन-तीनदा झाल्यावर नवरेही एसटीतच बसायला लागले. बायकोला मोकळं सोडण्यापेक्षा त्यांना फुल तिकीट स्वस्त वाटलं असावं.

या सगळ्यात मला एका गोष्टीचा दिलासा होता. म्हटलं, बाकी सगळ्या गेल्या, पण माझ्या घरातलं माणूस त्या एसटीत बसलेलं नाही. बायको शेतात असायची. आणि आईला गाडी लागायची. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न असो, दुखवटा असो, आई म्हणायची, "तुमी जावा, मला गाडी लागती." पाहुण्यांत कुणी विचारलं तर मीच सांगायचो, आईला गाडीचा वास सहन होत नाही. जीपवाल्याची आई आणि जीपमध्ये बसत नाही, यावरून गावात माझी थट्टाही व्हायची.

त्याच दिवसांत पुण्याचे तिघं भोरात भेटले. त्यांना राजगड चढायचा होता, गुंजवण्यापर्यंत गाडी हवी होती. लांबचं भाडं, मी लगेच उचललं. नसरापूर मागं टाकलं आणि मार्गासनीच्या फाट्यावर वळताना माझी नजर भेळेच्या गाडीकडं गेली. तिथं बाकड्यावर दोन बायका कागदातली भेळ खात बसल्या होत्या. एक माझी मावशी, आईची धाकटी बहीण, तिकडंच गुंजवण्याच्या अंगाला दिलेली. दुसरी माझी आई.

मी ब्रेक असा दाबला की मागच्या तिघांची डोकी पुढच्या सीटवर आपटली. घरापासून इतक्या लांब, तीन गाड्या बदलून, गाडी लागणारी माझी आई कांदा जास्त घालून घेतलेली भेळ खात होती.

"आई! तू हितं कशी?"

"का? हितं येयाला बंदी हाय का?" तिनं तोंडातला घास संपवला. "एसटीनं आले. दर बुधवारी येती."

"तुला गाडी लागती ना?"

आईनं भेळेचा पुढचा घास घेतला. मावशीलाच हसू आवरेना. "हिला? हिला कवा लागली गाडी? माज्या लग्नाला आमी ट्रकच्या हौद्यात बसून आलो. समद्या वऱ्हाडानं वकाऱ्या काढल्या आन ही गानी म्हणत व्हती."

मी आईला म्हणालो, बस गाडीत, परत घेऊन जातो. तिनं जीपमध्ये डोकावून त्या तिघांकडं बघितलं आणि म्हणाली, "भाडं हाय तुज्याकडं. जा तू. माजी एसटी येईल आता."

गुंजवण्यापर्यंत मी गाडी नुसती दामटली. डोक्यात तिडीक गेली होती. दर बुधवारी! म्हणजे बायकोला ठाऊक, शेजारणींना ठाऊक, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा ठाऊक. एक मी सोडून सगळ्यांना. ज्या एसटीनं माझ्या पोटावर पाय दिला तिच्यात माझी आई खिडकीशी बसून हिंडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात जीप धुवत होतो. आई पायरीवर लसूण सोलत बसली होती. रात्रभर घोळवलेलं मी बोलून टाकलं. म्हणालो, तुला मावशीकडं जायचं होतं तर मला सांगायचं. मी सोडलं असतं. फुकट सोडलं असतं. स्वतःच्या लेकाची गाडी असताना एसटीचं तिकीट कशाला काढायचं?

"फुकट?" आई म्हणाली. "तुज्या गाडीत मी बसले का एक माणूस खाली ऱ्हातो. त्याचं जाताना वीस गेलं, येताना वीस गेलं. पुढं नसरापूरपातुर सोडायचं म्हणशील, मग तुजी आख्खी फेरी गेली. तुजी गाडी मला लई महाग पडायची बाबा. एसटी स्वस्त हाय."

बारा वर्षं मी धंदा केला आणि हा हिशेब मला कधी दिसला नव्हता. मी हटूनच म्हणालो, "असं कुणी करतं का? मी कधी तुला पैसे मागितले?"

"मागितलं न्हाईस. उतरवलंस."

मग तिनं सांगितलं. जीप घेतली त्याच्या पहिल्याच वर्षी मावशीला नातू झाला होता. बारशाला जायला म्हणून आई माझ्या गाडीत बसली, मधल्या सीटवर, खिडकीकडनं. हातात नवीन झबलं. वाटेत चारजण उभे होते. मी मागं वळून म्हणालो, आई, तू उतर, पुढच्या फेरीला घेऊन जातो. ती उतरली. पुढच्या फेरीला मला भोरातच उशीर झाला, पॅसेंजर भरायचे होते. दोन तास ती रस्त्याकडेला बसली. तोवर भोरातून मावशीकडं जायची गाडी गेलेली. मग चालत घरी आली.

"येताना वाटंत म्हनलं, सांगावं की मला गाडी लागती. म्हंजी तू बस म्हणायचा न्हाईस, आन मला उतरायची पाळी यायची न्हाई." ती लसणाच्या पाकळ्या वाटीत टाकत होती. "ते झबलं म्या दिवाळीला दिलं. तवर त्या पोराला व्हईना."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तिला बारा वर्षांनी खिडकीची बाजूसुद्धा आठवत होती आणि माझ्या डोक्यात त्या दिवसाची खूणही नव्हती. अशा कितीजणांना मी उतरवलं असेल कोण जाणे, ते मी ध्यानात ठेवतच नव्हतो. मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी धुतलेल्या चाकावर पुन्हा पाणी ओतत राहिलो.

"आता का रडतूस?" आई म्हणाली. "आता जाती नव्हं मी? अर्धं तिकीट झालं, माज्या कोंबड्यांच्या अंड्यात बसतंय. कुणाला इचारायला नगं. झालं की बरं."

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच नव्हता. मी दोनदा तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं. इतका हलका झालो की सांगता येत नाही.

थोड्या वेळानं ती आपली दुसरंच सांगायला लागली. बाजारात कांदा उतरला होता, सगळ्या बायका धडाधड घेत होत्या, तिला दहा किलो घ्यायचा होता. पैसे होते. पण एसटी फाट्यावर सोडते आणि फाट्यापासून वाडीपर्यंत चढ. शेवटी दोन किलो आणला. "एवढा सस्ता कांदा, आन दोन किलो," ती तीन-चारदा म्हणाली. तिला झबल्यापेक्षा त्या आठ किलोंचं दुःख जास्त होतं असं मला वाटलं. "उत्रोलीची एक बाई भेटली व्हती. पोतंभर घेतलं आन रडकुंडीला आली. पोतं तितंच चहाच्या हाटेलात ठिवून गेली."

मी बादली खाली ठेवली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी फाट्यावर हॉर्न वाजवला नाही. बायकांना एसटीनं जाऊ दिलं. दुपारी भोरात स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलबाहेर जीप लावली आणि आमच्या वाडीतल्या पहिल्या बाईला म्हणालो, "काकू, तुमी एसटीनं या. वझं माज्या गाडीत टाका. दारात आणून देतो, पिशवीला दहा." तिनं संशयानं बघितलं. हा माणूस आपल्याला गाडीत बसवायला काहीतरी नवीन काढतोय, असं तिला वाटलं असणार. मग हातातली पिशवी बघितली, दुसऱ्या हातातली बघितली आणि दोन्ही टाकल्या. मग दुसरीनं टाकल्या. संध्याकाळी मी निघालो तेव्हा सीटवर, सीटखाली, सीटच्या वर कांदे, पत्र्याची पेटी, दोन खुर्च्या आणि एक कपाटाचा आरसा होता. आरसा मी एका हातानं धरून गाडी चालवली.

महिन्याभरात मागची दोन्ही बाकडी काढून टाकली. भोरातला गॅरेजवाला विचारत होता, नक्की ना? पुन्हा लावायची तर खर्च आहे. मी म्हणालो, काढ. ती बाकडी खाली उतरली तेव्हा दुःख होईल असं वाटलं होतं, पण माझा जीव भांड्यात पडला. गाडी राहिली होती. शिरवळ टळलं होतं. आणि आता वळणावर पंधरा माणसांचं ओझं नाही, पोलिसाची टोपी दिसली की गाडी आडरस्त्याला घालणं नाही, कुणाला सरका म्हणून ओरडणं नाही. पिशवी उतरत नाही, रुसत नाही, तिच्या नातवाचं बारसं नसतं. एसटीत बायकांचे वाचलेले दहा रुपये फिरून माझ्याच खिशात येत होते, आणि त्या एसटीला मी महिनाभर शिव्या घातल्या होत्या.

बायका आता बघून, हात लावून घेतात. कांदा उतरला की पोत्यानं घेतात, तेल चढलं की अर्धा किलोवर येतात, आणि गाडीतल्या पिशव्या बघून बाजारभाव काय आहे ते मला न विचारता कळतं. ज्या दिवशी पिशव्या हलक्या, त्या दिवशी महागाई. मग मी दहाचे आठ घेतो. कुणी सांगितलेलं नाही, पण हलक्या पिशवीचे दहा घ्यायला हात होत नाही.

मागच्या पावसाळ्याआधी एका बुधवारी गाडी गॅरेजमध्ये होती. आई पिशवीत तांदूळ भरत होती, मावशीसाठी. मी म्हणालो, येऊ का बरोबर? ती म्हणाली, ये की. आम्ही आंबवड्याहून भोरला आलो आणि तिथून नसरापूरच्या एसटीत बसलो. एवढ्या वर्षांनी मी एसटीत बसलो होतो. आई सरळ खिडकीशी गेली, मी तिच्या शेजारी. कंडक्टर बाई आल्या. मी पाकीट काढलं तर आईनं माझ्या हातावर चापट मारली आणि कमरेची पिशवी सोडली.

"नसरापूर. एक अर्धं, एक फुल."

"फुल कुणाचं?" कंडक्टर बाईंनी विचारलं.

"हेचं," आई म्हणाली. "माज्या लेकाचं."

भोरच्या पुढं दोन थांब्यांवर गर्दी चढली. एक बाई तान्हं मूल घेऊन माझ्या सीटला टेकून उभी राहिली. मी इतक्या वर्षांचा वडापवाला, माझी मान आपोआप आईकडं वळली आणि तोंडातून निघालं, "आई, जरा..."

आईनं माझ्याकडं बघितलं. पण जागची हलली नाही. दोन्ही हात तिकिटासकट मांडीवर होते.

मी उठलो. त्या बाईला बसवलं आणि वरची दांडी धरून उभा राहिलो. आईनं बाळाची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. बाळाचं नाव काय, माहेर कुठलं, कांदा कसा मिळाला. बाहेर भाताची खाचरं अजून कोरडी होती, खिडकीतनं वारा येत होता आणि आईचा पदर डोक्यावरून खाली आला होता. तिनं तो सावरला नाही. मधेच ती माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्यो माजा थोरला. हेची सोताची गाडी हाय."

त्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग एसटीनं का ओ?"

"ती मालाची हाय," आई म्हणाली. "माणसांना एसटीच बरी."

नसरापूरपर्यंत मी उभा होतो. आईनं मला एकदाही बस म्हटलं नाही, आणि मला फार बरं वाटलं.